भिंतीबाहेरचा फिल्टर

९ मार्च

प्रिय गोटू,

माझं पत्र पाहून दचकू नकोस. घरात नवीन काही वाईट घडलेलं नाही. जे घडायचं ते गेल्या महिन्यात घडून गेलं. एका तांत्रिक कामासाठी लिहितो आहे.

फोन केला असता, पण आपल्या दोघांचं फोनवर जमत नाही. तुझी ताई होती तेव्हा तुझं, माझं आणि स्वतःचं असं तिघांचं बोलणं ती एकटी करायची. आता मी फोन लावला तर मी 'हं' म्हणेन, तू 'हं' म्हणशील आणि दोघंही समोरच्याने ठेवायची वाट पाहत बसू.

विषय बैठकीच्या खोलीतल्या टाकीचा आहे. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. तू शेवटची पाहिलीस तेव्हा त्यात ताटासारखे चपटे चार स्टिंगरे होते, आणि 'ताई, पाचवा आणलास तर बघ' असं तू बजावलं होतंस. आता सात आहेत. तुझ्या ताईला 'बघ' म्हटलं की ती बघायचीच, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

फिल्टर तेच आहेत, टाकीशेजारी ठेवलेले दोन बंद डबे. पण गेल्या दोन आठवड्यांत पाणी गढूळ झालं आहे, त्याला वास येतो आणि मासे खाईनासे झाले आहेत. कारण कळत नाही. सगळी नोकरी मी पाणी शुद्धीकरण केंद्रात काढली, अख्ख्या शहराला पाणी पाजलं, आणि घरातल्या सात जणांचं पाणी मला जमत नाही. हे मी दुसऱ्या कोणाला लिहिलं नसतं.

तुझं दुकान माशांचं आहे. तुझ्या ताईला पहिले दोन स्टिंगरे तूच दिलेस. तेव्हा सात स्टिंगरेंना कोणता फिल्टर घ्यावा, ते कळव.

आणखी एक. तिला निरोप दिला त्या दिवशी तू फाटकाबाहेर उभा होतास. मी बोलवायला आलो तेव्हा तू म्हणालास, "ताईने सांगितलंय, मी बोलावल्याशिवाय पायरी चढू नकोस. ती बोलावेल तेव्हाच येईन." मग आपण काय बोलून बसलो ते तुझ्या लक्षात आलं, आणि तू रुमाल काढलास.

फिल्टरचं तेवढं कळव.

तुझा,
भाऊजी


१७ मार्च

प्रिय गोटू,

तुझं कार्ड मिळालं. 'अमोनिया किती? नायट्राइट किती? कोण खातं, कोण नाही? फिल्टर शेवटचा कोणी, कधी, कशाने धुतला?' वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझा' नाही. तरी अक्षर पाहून बरं वाटलं. ताईसारखाच तूही 'य'चं पोट फुगवतोस.

अमोनिया आहे, आणि असू नये इतका आहे. नायट्राइट सध्या नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, ते सवडीने लिहीन.

कोण खातं ते सांगण्याआधी कोण कोण आहे ते सांगावं लागेल, कारण हिने सगळ्यांची नावं ठेवली आहेत. सासूबाई सगळ्यांत मोठ्या, काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या. एका कोपऱ्यात बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतात. (माझी आई हयात असती तर हे नाव ठेवण्याची कोणाची छाती झाली नसती.) जावई जेवायला पहिला येतो आणि शेवटपर्यंत उठत नाही. इन्स्पेक्टर दिवसभर काचेला पोट लावून गस्त घालतो. दोघी विहिणी कायम एकमेकींच्या अंगावर, तरी एकमेकींशी पटत नाही. वकीलसाहेब हे शेजारच्या वकीलसाहेबांवरून. त्यांना ते माहीत आहे, आणि ते आलेल्या प्रत्येकाला काचेवर बोट ठेवून दाखवतात, "तो रुबाबदार आहे ना, तो मी."

सातवा सगळ्यांत लहान. त्याचं नाव पुढे कधीतरी सांगेन.

सध्या फक्त जावई खातो. तो शेवटच्या श्वासापर्यंत खाईल.

काल इथल्या माशांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "काका, काळजीच सोडा. हा डबा घ्या, इम्पोर्टेड आहे. एकदा लावला की सहा महिने उघडायचा नाही."

"आत काय चाललंय ते कळणार कसं?"

"कळायला कशाला हवं?"

मला हे उत्तर आवडलं नाही. माझ्या नोकरीत जो माणूस असं म्हणायचा त्याची बदली व्हायची. मग त्याने विचारलं, "मासे किती आहेत?"

"सात."

"सातच? मग हा लहान डबासुद्धा पुष्कळ झाला. गप्पी का?"

"स्टिंगरे."

तो खुर्चीवर बसला. आतल्या बाजूला तोंड करून त्याने कोणालातरी हाक मारली, "अरे, जरा इकडे ये, हे काका काय म्हणतायत बघ." मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. एखाद्याने घरात दोन हत्ती पाळलेत आणि तो झाडू विकत घ्यायला आलाय, असं.

मी न घेता परतलो.

भाऊजी


२२ मार्च

प्रिय गोटू,

'चौथा प्रश्न' एवढंच लिहिलेलं तुझं कार्ड आलं. ठीक आहे.

फिल्टर मी धुतला. पाहुणे गेल्यावर. घर रिकामं झालं, मला काय करावं ते समजेना, म्हणून मी साफसफाई काढली. कपाटं झाली, माळा झाला, पंखे झाले. मग टाकीपाशी आलो. हिने मला कधी फिल्टरला हात लावू दिला नव्हता. म्हणायची, "तुमच्या पाण्याने माणसं जगतात आणि माझे मासे मरतात. तुम्ही लांबूनच बघा."

डबे उघडले तर आतले स्पंज तपकिरी चिखलाने भरलेले. चिनी मातीच्या कड्यांवर बुळबुळीत थर. मला तिची कीव आली. म्हटलं, बिचारीला शेवटी शेवटी होत नसेल, आणि मला सांगायला संकोच वाटला असेल. म्हणून मी सगळं बादलीत घातलं, वर ब्लीचिंग पावडर टाकली (अंदाजाने नाही, मोजून), मग कडी उकळून काढली, स्पंज कडक उन्हात वाळवले आणि सगळं आकाराप्रमाणे लावून परत बसवलं. इतकं स्वच्छ काम केंद्रातही कधी झालं नसेल. खूप दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

तू आता जे म्हणशील ते मी स्वतःला म्हणून घेतलं आहे. त्या चिखलातले जिवाणूच माशांची घाण खात होते, हे मी पुस्तकात शिकलो आहे, परीक्षेत लिहिलंही आहे. पण सगळी नोकरी जिवाणू मारण्यात गेली. पाण्यात ते दिसले की माझा हात पावडरीकडे जातो.

सासूबाई आज कोपरा सोडून मधोमध येऊन पडल्या आहेत. कडा वर वळल्या आहेत. तुझ्या ताईने हे लक्षण मला एकदा सांगितलं होतं, आणि ते चांगलं नाही. गोटू, हे सात जण तिने माझ्या हवाली केले असंही नाही, कारण हवाली करायला वेळच मिळाला नाही. ते फक्त माझ्याकडे उरले. त्यांतला एकही जाता कामा नये. यापुढे मी फिल्टरबद्दल विचारत नाही. मासे कसे वाचवू ते सांग, आणि लवकर सांग.

भाऊजी


२९ मार्च

प्रिय गोटू,

तुझी घाण मिळाली.

पार्सल आलं तेव्हा मी घरी नव्हतो. वकीलसाहेबांनी सही करून घेतलं आणि आपल्या टेबलावर ठेवलं. पिशवी गळत होती. मी पोहोचलो तेव्हा ते नाकाला पदर लावल्यासारखा टॉवेल लावून दारात उभे होते. म्हणाले, "तुमच्या मेहुण्याने हे पाठवलंय. मी उघडलेलं नाही. पण हे जर भांडणाचं उत्तर असेल तर आपण नोटीस काढू."

मी सांगितलं, हा गोटूच्या दुकानातल्या फिल्टरमधला न धुतलेला स्पंज आहे, यात जिवंत जिवाणू आहेत, आणि यानेच मासे वाचतील.

"सगळे?"

"हो. तुम्हीसुद्धा."

मग ते स्वतः पिशवी धरून टाकीपर्यंत आले.

सोबतच्या चिठ्ठीचा पहिला शब्द 'गाढव' होता. पण पुढे पानभर सूचना होत्या, त्या मी तंतोतंत पाळल्या. रोज अर्धं पाणी बदललं, आणि नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी औषध घालून मारलं. ज्याने आयुष्यभर ते घातलं त्यानेच ते मारायचं, म्हणजे केल्या कामावर पाणी ओतणंच की. पण ओतलं. खाणं बंद केलं. जावयाने तीन वेळा काचेवर पाणी उडवून निषेध नोंदवला. तुझा स्पंज डब्यात घातला आणि हात लावला नाही. हात लावला नाही हे सर्वांत अवघड गेलं.

काल अमोनिया निम्म्यावर आला. नायट्राइट दिसू लागलं, म्हणजे जिवाणू कामाला लागले. आज सकाळी सासूबाई कोपऱ्यात परत गेल्या आणि तिथून माझ्याकडे बघत बसल्या. त्या नजरेखाली मी चहा प्यायलो.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. 'सात ठेवायचे तर डबे चालणार नाहीत. मोठी खालची टाकी बसवा, सम्प. नाहीतर तीन मासे मला द्या.' म्हणजे वरच्या टाकीचं पाणी खालच्या दुसऱ्या टाकीत उतरणार, तिथे गाळलं जाणार, जिवाणूंच्या हवाली होणार आणि पंपाने परत वर. पटतं. आमच्या केंद्रात तरी वेगळं काय होतं? बंद डब्यात जिवाणूंना जागा कमी, हवा कमी, वीज गेली की तेच आधी गुदमरणार.

पण दोन अडचणी आहेत. एक, ओट्याखाली जागा नाही. टाकीचं वजन मोजून तिच्याखालचा ओटा मी भरीव बांधून घेतला होता. तुझी ताई तेव्हा म्हणाली होती, "मासे ठेवायचेत की तोफ?" दुसरी, आवाज. उतरत्या पाण्याचा आवाज तिला बैठकीत नको होता. म्हणायची, "नळ चालू राहिलाय असं वाटून मी सारखी उठेन." तुमचं भांडण तिथूनच सुरू झालं. तू म्हणालास, "ही टाकी नाही, कोंडवाडा आहे." ती म्हणाली, "तुझ्या दुकानातल्या माशांना वळायचं झालं तर रिव्हर्स घ्यावा लागतो!" मी मध्ये पडलो नाही. म्हटलं, आपलेच दात, आपलेच ओठ. दोन दिवसांत मिटेल.

तीन मासे तुला द्यावेत असं काल ठरवलं होतं. कागद घेऊन टाकीसमोर बसलो. सासूबाईंना घराबाहेर काढता येत नाही. विहिणींची ताटातूट करता येत नाही. वकीलसाहेबांना पाठवलं तर शेजार तुटेल. इन्स्पेक्टर गेला तर घर उघडं पडेल. जावयाचं नाव लिहिलं, तेवढ्यात तो वर आला आणि पोट दाखवून हसला. स्टिंगरेचं तोंड पोटाच्या बाजूला असतं आणि ते कायम हसरं दिसतं, त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही, हे मला माहीत आहे. तरी नाव खोडलं.

एक शंका. लहान आहे तो सातवा अजून खात नाही. मी काचेवर टकटक करतो, बाकीचे येतात, तो वाळूत तोंड खुपसून बसतो.

तुझा,
भाऊजी


११ एप्रिल

प्रिय गोटू,

'ताई हाक मारायची. हाक मारून बघा.' एवढंच लिहिलंस.

मला हाका मारायची सवय नाही. घरात हाका मारायचं काम तिचं होतं. पहिल्या दिवशी मी खिडक्या लावून घेतल्या आणि हळूच नाव घेतलं. तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी जरा मोठ्याने. शेवटी काल तिच्यासारखी लांबवून, मोकळ्या गळ्याने हाक मारली. वकीलसाहेब भिंतीपलीकडून म्हणाले, "कोण आलंय हो?" पण तो वर आला. माझ्या हातून त्याने कोळंबीचा तुकडा घेतला.

तू प्रत्येक कार्डात विचारतोस, 'सातव्याचं नाव काय?' सांगेन.

आता फिल्टर. मी तोडगा काढला आहे, आणि तो सोबतच्या आकृतीत आहे.

बैठकीच्या मागच्या भिंतीपलीकडे बोळ आहे. तिथे आपण सायकल ठेवायचो. बोळाची जमीन घराच्या जोत्यापेक्षा अडीच फूट खाली आहे. म्हणजे भिंतीला भोक पाडलं तर टाकीतलं पाणी आपल्या वजनाने बाहेर उतरेल, पंप फक्त परत चढवायला लागेल. बोळात चार मोठी पिंपं ओळीने. पहिल्यात गाळ बसेल, दुसऱ्यात स्पंज, तिसऱ्यात हवेच्या बुडबुड्यांवर फिरणारे प्लॅस्टिकचे दाणे, ज्यांच्यावर जिवाणू राहतील, चौथ्यात पंप. वर पत्रा. विजेसाठी जोडीला बॅटरी. आवाज होईल तो बोळात होईल, बैठकीत नाही. तिची अट पाळली जाईल आणि तुझा सम्पही होईल. गाळाचं पिंप मी धुवेन. दाण्यांच्या पिंपाला हात लावणार नाही, हे लिहून देतो. हवं तर वकीलसाहेबांपुढे.

दाणे किती आणि पंप केवढा, याचं गणित मी केलं आहे, पण माझं गणित माणशी पाण्याचं आहे. स्टिंगरे माणशी किती धरायचा ते तूच सांगू शकशील.

आणि एक गोष्ट. बोळाला रस्त्याकडून स्वतंत्र फाटक आहे. तिथे पिंपं लावायला येणाऱ्या माणसाला घराची पायरी चढावी लागत नाही.

तुझा,
भाऊजी


४ मे

प्रिय गोटू,

तू भिंतीच्या पलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहितो आहे. वकीलसाहेबांनी आत्ताच डोकावून विचारलं, "काय लिहिताय?" म्हटलं, "गोटूला पत्र." ते बोळाच्या दिशेने बघून म्हणाले, "तो इथेच आहे ना?" म्हटलं, "हो." ते मान हलवत गेले. माझ्या डोक्याविषयी त्यांचं काही मत झालं असावं.

तू आलास त्याला आज तिसरा दिवस. 'कधी येऊ?' या दोन शब्दांचं कार्ड टाकून दुसऱ्या आठवड्यात तू पिंपांसकट हजर झालास. लॉजवर राहतोस, बोळात काम करतोस आणि चहा भिंतीच्या भोकातून घेतोस. मी तुला आत ये म्हटलं नाही. मी म्हणून चाललं नसतं. ते म्हणणं माझ्याकडे नव्हतंच.

पण काल मजा आली. मी आतून पाइप धरला होता आणि तू बाहेरून ओरडत होतास.

"उजवीकडे घ्या!"

"माझं उजवं की तुझं?"

"भाऊजी, पाइपाचं उजवं!"

"पाइपाला उजवं नसतं."

"ताईने कसे काढले असतील इतके दिवस!"

भोकातून तुझा फक्त हात दिसत होता, पाना धरलेला, थांबलेला. जरा वेळाने तू म्हणालास, "बरं, तुमचं उजवं." या घरात इतकं बोलणं बऱ्याच दिवसांनी झालं.

आज दुपारी पाणी सुरू झालं. टाकीतून बाहेर गेलं, चार पिंपं फिरून परत आलं. मी बैठकीत कान देऊन उभा राहिलो. काही ऐकू येत नाही. तिने तक्रार केली नसती. निदान आवाजाबद्दल नाही.

इन्स्पेक्टरने नव्या पाइपाची तपासणी करून काम पसंत केलं आहे. सातही जण आहेत. तू त्यांना अजून पाहिलेलं नाहीस. दुपारी तू भोकाला डोळा लावून पाहत होतास, ते मला आतून दिसलं. तिथून फक्त सासूबाईंचा कोपरा दिसतो.

आता सातव्याचं नाव.

तो सातवा नाही. तो पाचवा. तू भांडून गेलास त्यानंतरच्या आठवड्यात ती एकटी बाजारात गेली आणि त्याला घेऊन आली. बशीएवढा होता. तू ज्याला आणू नकोस म्हणाला होतास, तोच. मी विचारलं, "आता याचं नाव काय?" ती म्हणाली, "काय म्हणजे? रुसून बसलाय, खात नाही, आणि बोलावल्याशिवाय येत नाही. गोटू."

तुला राग येईल म्हणून मी इतके दिवस सांगितलं नाही. माशाला आपलं नाव दिलेलं कोणाला आवडेल? वकीलसाहेबांची गोष्ट निराळी.

पण त्या दिवशी फाटकापाशी तू म्हणालास ना, ती बोलावेल तेव्हाच येईन, तेव्हा माझ्या मनात हेच आलं होतं, आणि ते बोलायला मला इतके दिवस लागले. दोन वर्षं रोज संध्याकाळी तुझी ताई त्या टाकीपाशी बसून हाक मारायची, "गोटू, ये रे, जेवायला ये." तो कधी पहिल्या हाकेला आला नाही. ती थकली नाही. फोन कर, असं मी एकदाच सुचवलं. म्हणाली, "मी का करू? मी रोज बोलावतेच आहे."

हे पत्र गुंडाळी करून भोकातून देतो आहे. हात पुसून घे, शाई ओली आहे.

थोड्या वेळाने त्यांना जेवायला घालायचं आहे. ती मारायची तशीच हाक मला मारावी लागते, नाहीतर तो वर येत नाही. पुढचं दार उघडं ठेवतो. टेबलावर आपल्या दोघांचंही पान मांडलं आहे.

हाक ऐकू आली की, ती कोणाला मारली, हे विचारत बोळात उभा राहू नकोस.

तुझा,
भाऊजी